मॅक्झिमोची नवी आवृत्ती: जुन्या जोडण्यांचं काय होतं?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ जरा कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय मॅक्झिमो. तुमच्या प्रश्नांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय: “आमचं ७.६ छान चाललंय. वरचे म्हणतात नव्यावर जा. मग आमच्या जोडण्यांचं काय?” विचारणारे बरेचसे आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले. कुणी मलकापूरचा, कुणी चिखलीचा, कुणी मेहकरचा. नोकरी पुण्यात किंवा चाकणला, काही जण लॉकडाऊनपासून गावीच बसून काम करणारे. काम एकच, मोठ्या कारखान्याच्या देखभालीचं सॉफ्टवेअर चालू ठेवणं. म्हणून म्हटलं, एकदा नीट बसून सांगू.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कारखान्यातलं प्रत्येक यंत्र, प्रत्येक पंप, प्रत्येक मोटर ही मालमत्ता. तिला कधी तेल घातलं, बेअरिंग कधी बदललं, पुढची तपासणी कधी, सुटा भाग स्टोअरमध्ये आहे की मागवायचाय, हे सगळं ज्यात लिहिलं जातं ते हे सॉफ्टवेअर. आपल्याकडे रेल्वेचं उदाहरण सोपं पडेल. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या पट्ट्यातले रूळ कधी तपासले, कुठे वेल्डिंग झालं, याची नोंद रेल्वे स्वतःच्या प्रणालीत ठेवते. ट्रॅक मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात तिला. मॅक्झिमो हे त्याच जातीचं, पण बाजारात विकत मिळणारं आणि कुठल्याही उद्योगाला लावता येणारं. १९८५ साली अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने ते आणलं, पुढे ती कंपनी एमआरओ सॉफ्टवेअर झाली आणि २००६ मध्ये आयबीएमने ती विकत घेतली.

आता तारखा. मॅक्झिमो ७.६ ही मालिका बहुतेकांच्या हाताखालून गेलेली. तिच्या ७.६.१ चा नियमित सपोर्ट ३० सप्टेंबर २०२५ ला संपला. त्याच्या जागी जे आलंय ते मॅक्झिमो अॅप्लिकेशन सूट, म्हणजे मास. २०२० मध्ये आवृत्ती ८ आली, जून २०२४ मध्ये ९.०, जून २०२५ मध्ये ९.१. जुन्या मॅक्झिमोचं जे मूळ काम होतं, ते या सूटमध्ये ‘मॅनेज’ नावाच्या भागात आहे. सपोर्ट संपला म्हणजे दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर बंद पडतं असं नाही. पण सुरक्षेचं नवं भोक सापडलं तर त्याचं ठिगळ नेहमीच्या वाटेने येणार नाही. आणि जोडण्या हीच तर बाहेरच्या जगाकडे उघडणारी दारं. त्यामुळे “चालतंय ना, राहू द्या” हे उत्तर मला पटत नाही.

नव्या आवृत्तीत पडदे बदलले, रंग बदलले, त्याची सगळे चर्चा करतात. मला विचाराल तर त्याचा त्रास पंधरा दिवसांचा. माणूस नवी बटणं शिकतो. खरा घोळ पडद्यामागे होतो, जिथे मॅक्झिमो दुसऱ्या प्रणालींशी बोलतो.

एक कारखाना समजा. खामगावच्या एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढणारा. खरा नाही, बोलण्यापुरता. त्यात बॉयलर, बॉयलरला पाणी देणारे फीडपंप, कन्व्हेयर, वजनकाटा. देखभाल मॅक्झिमोत. खरेदी आणि हिशेब मुंबईच्या हेड ऑफिसात सॅपमध्ये. वजनकाट्याच्या खोलीत एक जुना पीसी, तो दर तासाला एक फाईल टाकतो. बॉयलरच्या मीटरचे आकडे आणखी तिसऱ्या ठिकाणी. फीडपंपाचं मेकॅनिकल सील गळायला लागलं की फिटर वर्क ऑर्डर काढतो, सील स्टोअरमध्ये नसतं, मॅक्झिमो मागणी बनवतो, ती मागणी सॅपकडे जाते, तिथून पीओ निघते, माल येतो, पावती परत मॅक्झिमोत. यातला एक धागा तुटला की स्टोअरवाला दारात उभा राहतो: “साहेब, सील तर आलं, पन कम्प्यूटरात काहून नाही दिसत?” तोवर फिटर हातावर हात ठेवून बसलेला, आणि एकाच पंपावर बॉयलर चाललेला. दुसरा पंप राखीव असतो तो यासाठीच, की एक बिघडला तर बॉयलरचं पाणी तुटू नये. राखीव पंप सुट्या भागावाचून पडून आहे हे ज्याने पाहिलंय त्याला जोडणी तुटण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मॅक्झिमोत हे धागे सांभाळणाऱ्या यंत्रणेचं नाव इंटिग्रेशन फ्रेमवर्क. जुनी माणसं अजून तिला एमईए म्हणतात, आणि गंमत म्हणजे नव्या मासमध्येही सर्व्हरच्या एका प्रकाराचं नाव एमईए असंच ठेवलंय. चांगली बातमी आधी सांगतो: या फ्रेमवर्कचा सांगाडा तोच आहे. ऑब्जेक्ट स्ट्रक्चर, पब्लिश चॅनेल, एंटरप्राइझ सर्व्हिस, एंडपॉइंट, एक्स्टर्नल सिस्टिम, हे सगळे शब्द जसेच्या तसे. तुम्ही सात-आठ वर्षांपूर्वी बनवलेली व्याख्या डेटाबेसमध्ये असते, आणि डेटाबेस अपग्रेड झाला की तीही बरोबर येते. म्हणून प्रात्यक्षिक दाखवणारे म्हणतात, “काही बदलत नाही.” ते खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. व्याख्या येते, पण तिच्या पायाखालची जमीन बदललेली असते.

जुन्या मॅक्झिमोखाली वेबस्फिअर होतं. एक सर्व्हर, त्याला नाव, आयपी, डी ड्राइव्ह, अॅडमिन कन्सोल. मासखाली रेड हॅटचं ओपनशिफ्ट, त्यात कंटेनर, आणि प्रत्येक कंटेनरमध्ये वेबस्फिअरचं हलकं भावंड लिबर्टी. यातून तीन-चार गोष्टी निघतात आणि त्याच तुमची झोप उडवतात.

पहिली रांगांची. ही जरा सावकाश सांगतो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात.

मॅक्झिमो बाहेर जाणारा किंवा आत येणारा निरोप आधी रांगेत टाकतो. रांगा दोन जातीच्या, सिक्वेन्शियल आणि कंटिन्युअस. कापसाच्या हंगामात बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरची रांग आठवा. एकच वजनकाटा, आणि नियम असा की पुढचा गेल्याशिवाय मागचा जाणार नाही. पहिल्याच ट्रॉलीचा एक्सल तुटला की मागचे सगळे उभे. ही सिक्वेन्शियल रांग. एका निरोपात चूक निघाली की रांग थांबते, आणि ती चूक कुणी दुरुस्त करेपर्यंत किंवा तो निरोप काढून टाकेपर्यंत थांबूनच राहते. हे मुद्दाम तसं आहे. आधी वस्तूची नोंद, मग तिची मागणी, मग पावती, असा क्रम जिथे मोडून चालत नाही तिथे हीच रांग हवी. दुसरी कंटिन्युअस. काटे चार, ज्याचा रिकामा त्याच्याकडे जा. एक अडला तर बाकीचे पुढे जातात, पण कोण आधी पोचेल याची खात्री नाही.

वेबस्फिअरमध्ये या रांगा कन्सोलमध्ये बसून, माऊसने बनवलेल्या असत. एकदा बनवल्या की विसरलो. मासमध्ये तो कन्सोलच नाही. रांगांची व्याख्या एका एक्सएमएल मजकुरात लिहून द्यायची, आणि त्या चालवायला वेगळा जेएमएस सर्व्हर उभा करायचा. बाकी कंटेनर त्याला दुरून जोडले जातात. हा जेएमएस सर्व्हर एकच चालतो. वेग हवा म्हणून वर्क ऑर्डरच्या पडद्याचे कंटेनर दोनाचे चार करता येतात, याचे नाही. शिवाय त्याला कायमची साठवणूक जोडली नसेल तर कंटेनर पुन्हा सुरू झाल्यावर रांगेतले निरोप गेले. कुणी पाठवले, किती होते, काही पत्ता लागत नाही. ज्यांनी चाचणीच्या वातावरणात साठवणुकीशिवाय काम भागवलं आणि तेच खऱ्या वातावरणात नेलं, त्यांच्या बाबतीत हे होतं.

दुसरा पर्याय काफ्का. तो ७.६ च्या शेवटच्या टप्प्यातच आला होता, मासमध्ये त्याला जास्त मान आहे. काफ्कात निरोप विभागांमध्ये ठेवले जातात, आणि एका विभागाच्या आत क्रम पाळला जातो. तो पसरवता येतो, मोठा भार झेलतो. पण काफ्का सांभाळायला माणूस लागतो. माझं मत विचारलंत म्हणून सांगतो: दिवसाला काही हजार निरोप असतील, तर आधी जेएमएस नीट लावा, कायमच्या साठवणुकीसकट. सेन्सरचा डेटा वाहत येणार असेल, मासचा मॉनिटर हा भाग घ्यायचा असेल, तर काफ्काकडे वळा. प्रेझेंटेशनमध्ये बरं दिसतं म्हणून काफ्का घेतलेले मी पाहिलेत, आणि तो बंद पडल्यावर रात्री दोनला फोन कुणाला करायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि हो, रांग अडली की बघायची जागा तीच आहे, मेसेज रीप्रोसेसिंग. तिथे जाऊन निरोप उघडा, चूक वाचा, दुरुस्त करा, पुन्हा सोडा. हे ज्याला जमतं त्याची नवीन आवृत्तीतली निम्मी भीती इथेच जाते.

दुसरी गोष्ट फायलींची. वजनकाट्याचा पीसी फाईल कुठे टाकत होता? सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये. मॅक्झिमोचं क्रॉन टास्क ते फोल्डर दर काही मिनिटांनी बघायचं, फाईल उचलायचं. मासच्या कंटेनरला डी ड्राइव्ह नाही. कंटेनर म्हणजे पत्रावळ समजा. जेवण झालं की गुंडाळून टाकली, पुढच्या पंगतीला नवी. पत्रावळीवर विसरलेली अंगठी पत्रावळीबरोबर जाते. फाईल टिकायला हवी असेल तर बाहेरून एक कायमचं फोल्डर कंटेनरला जोडावं लागतं, सगळ्या कंटेनरना एकाच वेळी लिहिता-वाचता येईल असं, आणि इंटिग्रेशनच्या ग्लोबल डिरेक्टरीची सेटिंग तिकडे वळवावी लागते. होतं हे, अशक्य नाही. पण मग काट्याच्या खोलीतला पीसी त्या फोल्डरपर्यंत पोचणार कसा, हा प्रश्न उरतोच. तुम्ही क्लाऊडवर गेला असाल तर तो फारच अवघड. माझा अनुभव असा की फाईलच्या जोडण्या ओढूनताणून तशाच नेण्यापेक्षा त्या एपीआयवर न्याव्यात. एकदाच त्रास होतो.

तिसरी गोष्ट तीच, एपीआय आणि ओळख.

जुन्या काळी बाहेरची प्रणाली मॅक्झिमोला हाक मारायची तेव्हा मॅक्सऑथ नावाच्या हेडरमध्ये युजरचं नाव आणि पासवर्ड जायचा. बेस६४ मध्ये गुंडाळलेला, म्हणून काहींना तो सुरक्षित वाटायचा. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, नुसता कागद गुंडाळलेला. कुणीही उलगडून वाचतो. मासमध्ये माणसांचं लॉगिन सूटच्या मुख्य दारातून होतं, आणि यंत्रांसाठी एपीआय की दिली जाते. ही की एखाद्या युजरला बांधलेली असते. त्या युजरला जे हक्क, तेच कीला. तिला मुदत घालता येते, रद्द करता येते. हाक मारायचा पत्ताही बदलतो, ओएसएलसीच्या जागी एपीआय असा मार्ग येतो. पत्ता बदलणं हे एका शब्दाचं काम, पण तो शब्द किती ठिकाणी लिहिलाय ते कुणालाच माहीत नसतं. काट्याच्या पीसीवरची स्क्रिप्ट, सॅपच्या बाजूचा इंटरफेस, कुणीतरी एक्सेलमध्ये बनवलेला मॅक्रो. म्हणून आधी यादी. जुन्या वेब सर्व्हरचे महिनाभराचे लॉग काढा, कुठून कुठून हाका येतात ते बघा. कागदपत्रांत सहा जोडण्या लिहिलेल्या असतात, लॉगमध्ये त्याहून जास्त निघतात.

एक सल्ला. सगळ्या जोडण्यांना एकच की देऊ नका. काट्याला वेगळा युजर, सॅपला वेगळा, मीटरला वेगळा. काट्याच्या खोलीतला पीसी चोरीला गेला तर एकच की रद्द करायची, सॅपचं काम चालू राहतं. सगळीकडे प्रशासकाचाच युजर वापरायची सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडायला आवृत्ती बदलण्यासारखी दुसरी संधी नाही.

आता एपीआयवर आलोच आहोत तर एक जागा दाखवतो जिथे हुशार माणसंही पडतात. जुन्या एक्सएमएलवरून नव्या जेसनवर येणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

फीडपंपाची वर्क ऑर्डर आहे. तिच्याखाली नियोजित साहित्याच्या पाच ओळी: सील, दोन बेअरिंग, गास्केट, ग्रीस, कपलिंगचं रबर. सॅपकडून निरोप येतो की सीलची संख्या एकाऐवजी दोन करा. तुम्ही पॅच नावाची हाक मारता आणि साहित्याच्या यादीत फक्त सीलची ओळ पाठवता. उत्तर येतं, यशस्वी. वर्क ऑर्डर उघडून बघता तर सील दोन झालंय, आणि बाकीच्या चार ओळी गायब. का? कारण पॅचचा अर्थ मॅक्झिमो असा लावतो की तू दिलेली यादी हीच आता पूर्ण यादी. जे तुझ्या यादीत नाही ते काढून टाकायचं. बाकीच्या ओळींना हात लागू नये असं वाटत असेल तर पॅचटाइप या हेडरमध्ये मर्ज असं लिहावं लागतं. हा दोष नाही, कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं वागणं आहे. पण चूक झाल्याचा निरोप येत नाही, रांग अडत नाही, लॉगमध्ये लाल काही दिसत नाही. कळतं ते शटडाऊनच्या दिवशी, फिटर स्टोअरमध्ये जातो आणि बेअरिंग काढूनच ठेवलेली नसतात तेव्हा.

म्हणून चाचणी करताना नुसतं ‘यशस्वी’ बघून पुढे जाऊ नका. आधी ओळी किती होत्या, नंतर किती राहिल्या, ते मोजा. आणि मोठी यादी मागवताना पानं लक्षात ठेवा. एपीआय यादी तुकड्यातुकड्याने देतो आणि उत्तरातच पुढच्या पानाचा पत्ता सांगतो. पहिलंच पान वाचून थांबणारी स्क्रिप्ट चाचणीत पास होते, कारण चाचणीत वस्तूच वीस असतात.

काहींनी विचारलंय, सोप जोडण्यांचं काय, इंटरफेस टेबलांचं काय. दोन्ही आहेत, टाकून दिलेल्या नाहीत. सगळं एका दिवसात जेसनवर न्या असं मी म्हणणार नाही. फक्त जुना रेस्ट मार्ग, जो मॅक्झिमोच्या एकेका ऑब्जेक्टला थेट हात घालायचा, तो केव्हाच निवृत्तीच्या यादीत गेलाय. नवं काही त्यावर बांधू नका. आणि इंटरफेस टेबलं वापरत असाल तर आधी ठरवा, नव्या घरात तुम्हाला डेटाबेसला थेट हात लावता येणार आहे का. स्वतःच्या सर्व्हरवर असाल तर येईल. आयबीएमच्या सेवेत राहायला गेलात तर तो दरवाजा पूर्वीसारखा सताड उघडा मिळेल असं धरून चालू नका.

दोन छोट्या गोष्टी पटकन सांगतो, छोट्या म्हणजे बोलायला छोट्या. एक, वेळ. मासमध्ये सर्व्हरचा टाइमझोन तुम्ही सांगितला नाही तर तो ग्रीनिचचा धरतो. तुमचा जुना डेटाबेस भारतीय वेळेत लिहिलेला. वेळ न जुळवता चालू केलंत की सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसतात, सकाळी सहाच्या पाळीचं काम भलत्याच पाळीत. चालू करण्याआधी लावायची सेटिंग आहे ती. दोन, गुप्त चाव्या. एंडपॉइंटमधले पासवर्ड डेटाबेसमध्ये कुलूपबंद असतात, आणि त्या कुलपाची चावी जुन्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये. डेटाबेस नेला आणि चावी तिथेच राहिली, तर नवा सर्व्हर ते पासवर्ड उघडू शकत नाही. जुना सर्व्हर पुसून टाकायच्या आधी ही चावी काढून जपून ठेवा. तसंच समोरच्या प्रणालीचं सुरक्षा प्रमाणपत्र पूर्वी वेबस्फिअरच्या ट्रस्टस्टोअरमध्ये टाकायचो, आता ते मासच्या मांडणीत द्यावं लागतं.

जावामध्ये लिहिलेले बदल हा वेगळा भाग होऊ शकतो. थोडक्यात, जुने जावा क्लास एका झिपमध्ये बांधून मासला देता येतात, प्रत्येक वेळी नवी प्रतिमा बनते आणि त्याला वेळ लागतो. निरोपात एखादा रकाना भरायचा, एखादी अट तपासायची, एवढ्यासाठी जावा ठेवू नका. ऑटोमेशन स्क्रिप्टमध्ये तेच वीस ओळींत होतं. शेगाव किंवा चिखलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेली पोरं विचारतात, या क्षेत्रात यायला काय शिकू. जेसन, लिनक्स, कंटेनरची तोंडओळख, आणि पायथन. मॅक्झिमोतलं जायथन २.७ च्या वळणाचं आहे, त्यामुळे कॉलेजात शिकलेलं नवं पायथन थोडं मागे वळवावं लागेल, पण त्याने अडत नाही. वेबस्फिअरचा कन्सोल आयुष्यभर चालवलेल्या मोठ्या मंडळींना मात्र सांगतो, घाबरू नका. रांग म्हणजे काय, निरोप का अडतो, सॅपवाला कुठे चुकतो, हे तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं कंटेनर शिकून आलेल्या मुलाला माहीत नाही. दोघांना एका टेबलावर बसवा.

शेवटचा मोठा मुद्दा आपल्या भागाचा आहे, म्हणून जरा थांबतो. क्लाऊडवर गेल्यावर कोण कुणाचं दार ठोठावणार?

सर्व्हर कारखान्यातच होता तेव्हा मॅक्झिमो थेट काट्याच्या पीसीला हाक मारू शकायचा, दोघं एकाच जाळ्यात. आता मॅक्झिमो दूरच्या डेटा सेंटरमध्ये आणि काट्याचा पीसी राउटरच्या मागे. बाहेरून त्याला पत्ताच नाही. व्हीपीएन टाकता येतं, पण त्यापेक्षा सोपं म्हणजे दिशा उलटी करणं: मॅक्झिमोने आत यायचं नाही, पीसीने बाहेर जाऊन एपीआयला सांगायचं. हाक नेहमी आतून बाहेर. फायरवॉलवालाही खूश राहतो.

पण मग लाईन. आपल्याकडे लाईट जाते, नेट जातं, पावसाळ्यात केबल तुटते. पीसीने निरोप पाठवला, मॅक्झिमोने घेतला, आणि ‘मिळाला’ हे उत्तर यायच्या आत नेट गेलं. पीसीला वाटतं गेलाच नाही. तो पुन्हा पाठवतो. झाली दुबार नोंद. मीटरच्या आकड्यात दुबार नोंद झाली तर एकवेळ चालेल, सुट्या भागाच्या पावतीत झाली तर स्टोअरमध्ये एक सील आणि कम्प्यूटरात दोन. पुढच्या वेळी मॅक्झिमो मागणीच काढणार नाही, कारण त्याच्या मते एक शिल्लक आहे.

यावर तोड अशी. पाठवणाऱ्याने प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि तो मॅक्झिमोच्या एखाद्या रकान्यात साठवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर स्क्रिप्टने तो ओळखून सोडून द्यायचा. वस्तू, यंत्रं अशा मूळ नोंदींसाठी सिंक ही हाक वापरा: नोंद असेल तर बदलते, नसेल तर नवी करते, त्यामुळे दोनदा गेली तरी एकच राहते. आणि काट्याच्या पीसीवर पाठवायचे निरोप आधी स्वतःच्या डिस्कवर लिहायचे, उत्तर आलं की मगच पुसायचे. हे सगळं जुन्या आवृत्तीतही करायला हवं होतं, खरं म्हणजे. पण सर्व्हर शेजारच्या खोलीत होता म्हणून भागून गेलं.

सॅपच्या बाजूचं एक वाक्य. महावितरणसारख्या सरकारी वीज कंपन्यांपासून खाजगी कारखान्यांपर्यंत सॅप सगळीकडे आहे, आणि बऱ्याच ठिकाणी मॅक्झिमो आणि सॅपच्या मधला दुभाषा म्हणजे सॅपचंच पीआय किंवा पीओ. त्याच्या ७.५ आवृत्तीचा नियमित सपोर्ट २०२७ च्या अखेरीस संपतो, जास्तीचे पैसे भरून २०३० पर्यंत. म्हणजे आज मॅक्झिमोची बाजू बदलली, पुढे दुभाषाही बदलणार. दोन्ही टीमनी आत्ताच एकत्र बसून ठरवलं तर तीच जोडणी दोनदा बांधावी लागणार नाही. मी पाहिलंय ते असं की दोन्ही टीम एकमेकांची तारीख मेलमध्ये वाचतात.

मग सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो सगळ्यात कंटाळवाण्या जोडणीपासून. मीटरचे आकडे घ्या. चुकले तर कुणाचं काम थांबत नाही, आणि एपीआय की, प्रमाणपत्र, टाइमझोन, पत्ता, सगळ्याची परीक्षा त्यात होते. त्यानंतर वस्तूंच्या नोंदी. मागणी आणि पावती सगळ्यात शेवटी, आणि ती वळवण्याआधी निदान एक पूर्ण महिनाअखेर चाचणीच्या बाजूला जुन्याच्या जोडीने चालवा. रोज संध्याकाळी दोन आकडे लिहा, जुन्याकडून किती पावत्या आल्या, नव्याकडून किती. आकडा जुळला नाही त्या दिवशी पुढे जायचं नाही. शटडाऊनच्या आठवड्यात तर अजिबात बदल करू नका. हेड ऑफिसातून कितीही फोन आले तरी.

आणि हे एकदा करून सुटका नाही. मासच्या आवृत्त्या आता वर्षाच्या अंतराने येतायत. ७.६ वर दहा वर्षं काढली तशी ९.० वर काढता येणार नाहीत. म्हणून जी चाचणी आज हाताने करताय ती लिहून ठेवा, जमलं तर स्क्रिप्टमध्ये. फीडपंपाची वर्क ऑर्डर, साहित्याच्या पाच ओळी, एकीत बदल, बाकी चार शिल्लक आहेत का. पुढच्या वर्षी हीच चाचणी पाच मिनिटांत होईल.

काफ्कावर वेगळा भाग करा असं बऱ्याच जणांनी म्हटलंय, तो पुढच्या वेळी. तुमच्याकडे रांग अडल्याचे किस्से असतील तर पाठवा, कंपनीचं नाव न घेता वाचून दाखवीन.